दोन कंपन्या, एक भिंत

रंग जुळवण्यात माझा हात धरणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही! कुठल्याही कंपनीची कुठलीही शेड आणा, माझ्या कंपनीत ती हुबेहूब काढून देतो. लोक नमुना म्हणून काय काय घेऊन येतात! उशीचा अभ्रा, कपाची फुटकी कड, तान्ह्या बाळाचा मोजा. एकदा एक बाई चक्क नवऱ्यालाच घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्यांच्या शर्टासारखा रंग बेडरूमला हवाय." मी मशीनचा स्कॅनर ह्यांच्या पोटावर टेकवला, कळ दाबली, आणि मागवलेला चहा यायच्या आत डबा तयार! ती बेडरूम आजही तशीच आहे. शर्ट मात्र विटला, असं ऐकतो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकल्यावर तुमचा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

आमच्या रस्त्यावर रंगाची दोन दुकानं आहेत, समोरासमोर. एक माझं, दुसरं माझ्या थोरल्या भावाचं. नाना, म्हणजे आमचे वडील, होते तोवर एकच दुकान होतं आणि दोन्ही कंपन्यांचे डबे एका फळीवर गुण्यागोविंदाने बसायचे. नाना गेले. दादाने एका कंपनीची एजन्सी घेतली, मी दुसरीची. तरी बरं चाललं होतं. मग एका गिऱ्हाइकाने शहाणपणा केला. हॉलसाठी रंग दादाकडून नेला आणि कमी पडला तेव्हा उरलेला माझ्याकडून. भिंतीवर मधोमध पट्टा उठला! गिऱ्हाईक बोंबलत आलं. दादा त्याला म्हणाला, "समोरच्याचं मशीन आंधळं आहे." मी म्हणालो, "मशीन कुणाचंच आंधळं नाही, समोरचा मालक आंधळा आहे." हे मी रस्ता ओलांडून जाईल इतपत मोठ्याने म्हणालो. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

राहतो मात्र एकाच घरात. रस्त्यावरून बघितलं तर उजवा अर्धा भाग दादाचा, डावा माझा, आणि मधल्या दारामागची खोली आईची. बोलणं बंद झाल्यावर दादाने आपली बाजू निळी केली. साधा निळा नाही, बघणाऱ्याला सर्दी होईल असा निळा! मी गप्प बसतो की काय? मी माझी बाजू गाजरी केली. आईच्या दाराची उजवी चौकट निळी, डावी गाजरी. कुरिअरवाला आमच्या घराला सरळ 'भांडकं घर' म्हणतो आणि पार्सल बरोबर पोचतं.

आई ह्यावर कधी काही बोलली नाही. बोलली ती थेट हॉस्पिटलातून.

तिची फुप्फुसं थकली होती. सकाळी मी तिच्यापाशी बसायचो, दुपारपासून दादा. मी निघालो की तो येणार, म्हणजे जिन्यातसुद्धा तोंड बघायला नको! पण एके दिवशी डॉक्टरांनी दोघांनाही एकदम बोलावलं. म्हणाले, "आता आमच्या हातात काही नाही. शुक्रवारी घरी न्या. जे थोडे दिवस आहेत, ते त्यांना आपल्या खोलीत काढू द्या."

आम्ही आईच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. तिने नाकावरची नळी जरा बाजूला केली.

"घरी यायचं आहे मला," ती म्हणाली. "पण त्या घरात नाही. गाडी दारात थांबली की गाडीवाला विचारेल, आजी, निळ्यात उतरवू की गाजरीत? घर एका रंगाचं करा. नानांनी दिला होता त्या रंगाचं. तेवढं बघते, मग तुम्ही मोकळे."

मी म्हणालो, "आई, त्याला सांग, नानांचा रंग मीटरच्या पेटीमागे अजून शिल्लक आहे. तिथला पोपडा काढायचा."

"तो म्हणतोय, पेटीमागचा पोपडा काढायचा," आई उजवीकडे वळून म्हणाली.

"आई, त्याला विचार, पोपडा काढणार कोण? ह्याला काढायला दिला तर चुरा करेल."

"तो विचारतोय, कोण काढणार?"

"आई, त्याला सांग..."

"अरे मेल्यांनो!" आईला धाप लागली. "मी इथे शेवटचे श्वास मोजतेय आणि तुम्ही मला टेलिफोन करून ठेवलंय! सरळ बोला ना एकमेकांशी!"

मला फार लाज वाटली. दादालाही वाटली असावी, पण विचारणार कसं? बोलणं बंद होतं.

शेवटी बायको आणि वहिनी मध्ये पडल्या. मीटरच्या पेटीमागून बगळ्याने पोपडा काढला. बगळा म्हणजे आमचा पेंटर. शिडीवर एका पायावर उभा राहून काम करतो, म्हणून सगळे त्याला बगळाच म्हणतात आणि तोही ओ देतो. त्याने पोपड्याचे दोन तुकडे केले. एक दादाला, एक मला.

नानांच्या रंगाला नाव नव्हतं, नंबर नव्हता. थोडा पिवळा, चिमूटभर काळा आणि बाकी अंदाज, असा तो त्यांनी बादलीत कालवलेला होता. उकडलेला बटाटा सोलल्यावर दिसतो ना, तसा. शेडकार्डात तो सापडणं शक्य नव्हतं. पण मशीन कशाला आहे?

आता तुम्ही म्हणाल, एकाच दुकानातून डबे घ्या आणि सगळी भिंत रंगवा, एवढं कशाला? बरोबर आहे तुमचं! पण तुम्ही रंगाचे एजंट नाही. माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवर माझ्याच हाताने समोरच्या कंपनीचा रंग? उद्या गिऱ्हाईक तोंडावर विचारेल, स्वतःच्या घराला का नाही लावला तुमचा? दादाचंही तेच. तेव्हा ठरलं असं, की शेड एक, कंपन्या दोन. माझी बाजू माझ्या रंगाने, त्याची त्याच्या. बगळा दोन्हीकडे काम करेल.

मी जातीचा नीटनेटका. पोपड्यावर धूळ होती, मी तो साबणाने स्वच्छ धुतला, पुसला, स्कॅनरखाली ठेवला. डबा तयार! दादा आळशी. त्याने पोपडा धुळीसकट, काजळीसकट मशीनला दाखवला. बगळ्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन हात मारले. रंग वाळला. आणि आम्ही आपापल्या अर्ध्या भागासमोर रस्त्यावर उभे राहिलो.

माझा बटाटा नुकताच सोललेला होता. त्याचा कालचा होता!

दाराच्या बरोबर वर सरळ उभी रेघ! डावीकडे गुलाबीकडे झुकलेला फिका, उजवीकडे हिरवटाकडे झुकलेला मळका. निळा आणि गाजरी होते तेव्हा निदान हौसेने दोन रंग दिलेत असं वाटायचं. आता घर अर्धं धुवायचं राहून गेल्यासारखं दिसत होतं.

"हुबेहूब जमलाय माझा," मी बायकोला म्हणालो, दादाला ऐकू जाईल असं.

"काही माणसं पोपडाही आंघोळ घालून आणतात," दादा वहिनीला म्हणाला, मला ऐकू येईल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. आईने पहिलाच प्रश्न विचारला, "झालं का रे एक?"

"झालं की!" मी म्हणालो. काय बोलणार? तिचा हात हातात घेतला तर हाताला वजनच नव्हतं. मनगटाची हाडं तेवढी लागली. ती डोळे मिटून हसली. शुक्रवारी गाडीतून उतरताना ती वर बघणार होती. तिला रेघ दिसणार होती.

तिथे बसल्या बसल्या मी ठरवलं. मरू दे ती एजन्सी! आपली बाजू दादाच्या शेडची करायची. त्याचा हिरवट तर हिरवट. त्याच्या भिंतीला स्कॅनर लावून माझ्या मशीनने जुळवायला गेलो तर पुन्हा केसभर फरक पडला असता. मी दुसऱ्यांना हे कधी सांगत नाही, पण पडतो. तेव्हा एकच उपाय उरला. त्याच्याच कंपनीचा, त्याच्याच नंबरचा डबा आणायचा. बगळ्याने दादाच्या डब्याच्या झाकणावरचा नंबर मला गुपचूप दिला. "दादाला बोलायचं नाही," मी त्याला बजावलं. बगळा नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आश्चर्याने बघतोय.

दादाच्या दुकानातून घेणं शक्यच नव्हतं. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही कंपन्यांचा माल ठेवणाऱ्या एका दुकानात गेलो. रंगाच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तोंडाला रुमाल बांधला. हळू आवाजात नंबर सांगितला.

दुकानदार मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाला, "थोड्या वेळापूर्वीच एक रुमालवाले गृहस्थ आले होते. तेही असेच कुजबुजत होते. साथ आलीय का हो कसली?"

मी खोकून दाखवलं. तो दोन पावलं मागे सरला आणि डबा काउंटरवरून ढकलून दिला. घरी आल्यावर परसात बसून मी तो रंग माझ्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात ओतला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला कळायला नको. दुपारी दादा हॉस्पिटलात होता तेवढ्यात बगळ्याने माझी बाजू रंगवून काढली. दादा परतला तो अंधार पडल्यावर. मी दुकानात बसून राहिलो. स्वतःबद्दल मला फार बरं वाटत होतं. इतकं मोठं मन माझ्याकडे होतं हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

गुरुवारी मी सकाळी सकाळी घराच्या मागच्या दाराने निघून हॉस्पिटलात गेलो. आईला बरंच बरं वाटत होतं. चहा मागून घेतला, अर्धा प्यायली. "उद्या," ती म्हणाली. "हो, उद्या," मी म्हणालो. दुपार व्हायला आली तसा मला चैन पडेना. उन्हात भिंत कशी दिसते ते एकदा बघायचं होतं. "दादा येतोच आहे," असं तिला सांगून मी जरा लवकर निघालो.

घरासमोर आलो तर रस्त्याच्या मधोमध दादा उभा. दुकानातून हॉस्पिटलला जायला निघालेला, हातात जेवणाचा डबा, आणि तोंड उघडं. मी वर बघितलं आणि माझंही उघडलं.

डावीकडे माझा भाग हिरवट. उजवीकडे त्याचा भाग गुलाबी. मधोमध तीच रेघ, तशीच्या तशी, फक्त बाजू बदललेल्या!

"तू माझा रंग का लावलास?" दादा ओरडला. माझ्याकडे बघून! सरळ, मध्ये कुणी नसताना!

"तू माझा का लावलास?" मीही ओरडलो.

"मी मोठा आहे! मी माघार घ्यायची असते!"

"मग सांगायचं होतंस! मी कशाला गेलो असतो रुमाल बांधून?"

"रुमाल?" दादा जवळ आला. "कुठल्या दुकानात?"

आम्ही दोघांनी एकदमच शिडीकडे बघितलं. बगळा एका पायावर उभा होता.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "सकाळी हे म्हणाले बोलू नको, दुपारी ते म्हणाले बोलू नको. ह्यांच्या डब्यात त्यांचा रंग, त्यांच्या डब्यात ह्यांचा. काल दुपारी एक बाजू, आज सकाळी दुसरी. मी काल रात्री दोनदा दचकून उठलोय!"

आधी दादाला हसू फुटलं. तो हसायला लागला की नाकातून आवाज काढतो, हे मी विसरूनच गेलो होतो. मग मला. आम्ही भर रस्त्यात, उन्हात, एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होतो. बायको आणि वहिनी आतली खोली आवरत होत्या, त्या हातात झाडू घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, आम्ही एकमेकांचा गळा धरलाय.

"ड्रम आण," दादा मला म्हणाला.

मी आणला. माझ्याकडचे सगळे डबे, त्याच्याकडचे सगळे डबे, जे उरलं होतं ते सगळं एकाच ड्रममध्ये ओतलं. दोन्ही कंपन्यांच्या डब्यांवर ठळक छापलेलं असतं, 'दुसऱ्या कंपनीच्या रंगात मिसळू नये.' आम्ही दोघंही गिऱ्हाइकांना हेच बजावत आलोय. दोन्ही पाण्यात कालवायचे रंग, काय बिघडणार होतं? दादाने फळी घेतली आणि ढवळायला लागला. मी म्हणालो, नाना उलट्या बाजूने ढवळायचे. तो म्हणाला, नाही. मी म्हणालो, हो. गुलाबी आणि हिरवट गोल गोल फिरत एकमेकांत गेले आणि खालून तो वर आला. तोच, उकडलेला बटाटा! दादाने फळी माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

मग काय! बगळ्याला आम्ही खाली बसवलं. मी डावीकडून रोलर मारत निघालो, दादा उजवीकडून. कोण आधी दारापाशी पोचतो, अशी शर्यत लावली. वहिनीने चहा आणला. मधेच बायको काहीतरी विचारायला पुढे आली आणि आम्हाला बोलताना बघून गप्पच राहिली. तिने नंतर सांगितलं, की तिला विचारायचं होतं, हॉस्पिटलात कोण आहे? पण तिला वाटलं, दादांनी कुणाला तरी बसवलं असेल. दादाला वाटलं, मी नेहमीसारखा तो येईपर्यंत थांबायला कुणाला तरी सांगून आलो असेन. मला काहीच वाटलं नाही. मी खुशीत होतो.

दाराच्या वर आमचे रोलर एकमेकांना टेकले तेव्हा फोन वाजला.

आम्ही तसेच गेलो. कोपरापर्यंत रंग, पायात घरच्या चपला. पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. वॉर्डातल्या मावशी पलंगाची चादर नीट करत होत्या. आमचे हात बघून त्या आधी घाबरल्याच.

"सारख्या दाराकडे बघत होत्या," मावशी म्हणाल्या. "मला विचारलं, कोण आलंय, मोठा की धाकटा? मी म्हटलं, आजी, आत्ता कुणीच नाही. म्हणाल्या, दोघंही नाहीत? नीट बघ. मी बाहेर जाऊन बघून आले. म्हटलं, खरंच दोघंही नाहीत."

"मग?" दादाने विचारलं.

"मग म्हणाल्या, म्हणजे समोरासमोर भांडत असतील. बरं झालं. आणि कूस बदलून झोपल्या."

मावशींनी आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. मला बरं वाटलं नाही. माझी आई एकटी गेली. दोन मुलगे, दोन सुना असताना, दाराकडे बघत एकटी गेली, आणि त्या वेळी मी शिडीवर शर्यत जिंकत होतो. दादा तिच्या पायाशी बसला. त्याच्या हाताचा रंग चादरीला लागला, तो पुसायला गेला तर आणखीच पसरला.

तिला घरी आणलं. गाडीवाल्याने काहीही विचारलं नाही, सरळ मधल्या दारापाशी गाडी लावली. भिंत एका रंगाची होती. दोन कंपन्यांची मिसळ लवकर वाळेना म्हणून अजून ओली होती, चकाकत होती, आणि इकडून तिकडून एक होती. मी वर बघितलं, कारण तिच्या वतीने कुणीतरी बघायला हवं होतं.

माणसं जमली. पाठोपाठ आणखी जमली. घरात जागा मावेना तशी बाहेर उभी राहिली, आणि उन्हातान्हात ताटकळलेली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. भिंतीला टेकली! 'रंग ओला आहे' ही पाटी गडबडीत वहिनीने आत नेऊन ठेवली होती. आईला घेऊन आम्ही निघालो आणि वळणावर मी मागे बघितलं, तर सगळ्यांच्या पाठी बटाट्याच्या रंगाच्या! नातेवाईक, शेजारी, कुरिअरवाला. दादाच्या कंपनीचे साहेब आले होते, माझ्या कंपनीचे साहेब आले होते, एरवी एकमेकांकडे न बघणारे. दोघं शेजारी शेजारी मान खाली घालून चालले होते, दोघांच्या पाठीवर तोच रंग. मला हसू आलं आणि त्याच दमात हुंदका आला. दोन्ही मिळून जो आवाज निघाला, तो ऐकून लोकांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरासमोर, रस्त्यापलीकडच्या पायरीवर बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. समोरची भिंत पाठींच्या ठशांसकट वाळली होती. ऊन चढत गेलं आणि दाराच्या वर हळूहळू काहीतरी दिसायला लागलं. मी डोळे बारीक केले. दादानेही केले.

रेघ!

"तुझ्या बाजूने खालचा गाजरी वर येतोय," दादा म्हणाला.

"गाजरी? तुझा निळा येतोय वर, तो बघ आधी!"

"डोळे तपासून घे."

"तू हात तपासून घे. पातळ मारलायस तू, शर्यत जिंकायच्या नादात!"

"शर्यत मी जिंकली म्हणून जळतोयस!"

"तू? तू जिंकलास?"

आवाज चढले. बायको आतून धावत आली, "अहो, घरात माणसं आहेत! आज तरी नको!" वहिनीने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि दार हलकेच लोटून घेतलं. दादा भांडता भांडता रडायला लागला. मी पण रडायला लागलो. पण मुद्दा कुणी सोडला नाही.

निळाच येतोय वर. तुम्ही कधी ह्या बाजूला आलात तर स्वतः बघा, आणि दादाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.